आययूआय करायचं ठरवण्याआधी: तपासण्यांचा क्रम, साधा हिशेब आणि थांबायची वेळ

वंध्यत्वाच्या ओपीडीत समुपदेशनाला बसते तेव्हा समोर आलेल्या फायलीत मी आधी दोन कागद शोधते. एक नवऱ्याच्या वीर्य तपासणीचा रिपोर्ट, दुसरा बायकोच्या गर्भनलिकांचा म्हणजे एचएसजीचा फोटो. चार-पाच वेळा आययूआय झालेल्या जोडप्यांच्या फायलीतही यातला एखादा कागद नसतो. कधी दोन्ही नसतात. नळ्या दोन्ही बाजूंनी बंद असताना पाच वेळा आययूआय केलं, तर ते पाचही वेळा वाया जाणार हे पहिल्याच दिवशी कळू शकलं असतं. त्यापायी कापूस विकून आलेला पैसा जातो. त्याहून वाईट म्हणजे त्या बाईला वाटत राहतं की दोष आपल्यातच आहे.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. आययूआयमध्ये नवऱ्याचं वीर्य धुऊन, चांगले हलणारे शुक्राणू वेगळे करून, बारीक नळीने बायकोच्या गर्भपिशवीत सोडतात. भूल नाही, टाके नाहीत, भरती व्हावं लागत नाही. टेस्ट ट्यूबपेक्षा हे सोपं आणि स्वस्त, यात शंका नाही. पण सोपं असलं म्हणून ते प्रत्येकाला लागू पडतंच असं नाही.

## टप्पा १: आधी महिने नीट मोजा

कोणतंही साधन न वापरता, नियमित संबंध ठेवून १२ महिने दिवस राहिले नाहीत, तर तपासणी सुरू करायची. बायकोचं वय ३५ किंवा जास्त असेल तर ६ महिन्यांनी, आणि ४० च्या पुढे असेल तर लगेच. पाळी दोन-तीन महिन्यांनी येत असेल, आधी टीबी झालेला असेल, पोटाचं मोठं ऑपरेशन झालं असेल किंवा नवऱ्याच्या अंडकोषाला लहानपणी काही झालं असेल, तर वर्षभर थांबण्यात अर्थ नाही.

हे १२ महिने एकत्र राहण्याचे आहेत, लग्नाचे नव्हेत. आपल्याकडे कितीतरी घरांतला नवरा पुण्याला, सुरतेला किंवा वीटभट्टीवर असतो. पोळ्याला चार दिवस, दिवाळीला आठ दिवस घरी येतो. लग्नाला तीन वर्षं झाली तरी त्या जोडप्याचा एकत्र काळ दोन महिन्यांचाही होत नाही. अशांना पहिला उपाय आययूआय नसतो. शंभर निरोगी जोडप्यांतली ऐंशीच्या वर जोडपी एका वर्षाच्या आत गरोदर राहतात, पण त्यासाठी योग्य दिवशी एकत्र असावं लागतं.

ते दिवस असे काढा. पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी बीज बाहेर पडतं. २८ दिवसांची पाळी असेल तर पाळीच्या १० व्या ते १८ व्या दिवसापर्यंत एक दिवसाआड संबंध ठेवा. ३५ दिवसांची पाळी असेल तर हे दिवस आठवडाभर पुढे सरकतात. मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा कॅलेंडरवर लिहून आणा. डॉक्टरांना दहा प्रश्नांची उत्तरं त्या एका कागदातून मिळतात.

थांबा: संबंध नीट होतच नसतील, म्हणजे दुखतं, जमत नाही, नवऱ्याला ताठरता येत नाही, तर हे आधी सांगा. लग्नानंतर चार वर्षांनी आलेल्या जोडप्यांतही हे निघतं. कोणी विचारलेलं नसतं आणि लाजेने त्यांनीही सांगितलेलं नसतं. नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर बोलता येत नसेल तर सिस्टरला म्हणा, “मला एकटीला बोलायचं आहे.” तो तुमचा हक्क आहे.

## टप्पा २: पहिली तपासणी नवऱ्याची

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

“यायची तपासणी कायले? यायले तं काहीच नाही.” हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. शरीर धडधाकट आहे, शेतात दिवसभर राबतो, संबंध व्यवस्थित आहेत, याचा शुक्राणूंच्या संख्येशी काही संबंध नाही. मूल न होणाऱ्या निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाची बाजू एकटी किंवा बायकोच्या कारणासोबत असतेच. आणि ही तपासणी सगळ्यांत स्वस्त, न दुखणारी आणि एका दिवसात होणारी आहे. बायकोला एकही सुई टोचण्याआधी ती व्हायला हवी.

तयारी:

- शेवटच्या संबंधानंतर किंवा वीर्यपतनानंतर २ ते ७ दिवसांचं अंतर ठेवा. कमी नको, जास्तही नको. “पंधरा दिवस राखून ठेवलं म्हणजे जास्त येईल” हा समज चुकीचा आहे. शुक्राणू जुने होतात आणि हालचाल कमी दिसते.
- नमुना शक्यतो लॅबमध्येच द्या. गावातून एसटीने दीड-दोन तास घेऊन आलेला नमुना तपासण्यात अर्थ नसतो. तो तासाभराच्या आत लॅबमध्ये पोचला पाहिजे, तोही अंगाच्या उबेत ठेवून.
- लॅबने दिलेल्या डबीतच द्या. दुकानातल्या कंडोममध्ये, तेल-साबण-थुंकी लावून किंवा घरच्या बाटलीत दिलेला नमुना बिघडतो.
- थोडा सांडला असेल तर तसं सांगा. पहिल्या थेंबांत सर्वाधिक शुक्राणू असतात. तेच सांडले तर रिपोर्ट खोटा कमी येतो.
- मागच्या तीन महिन्यांत डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड किंवा मोठा ताप येऊन गेला असेल तर तो रिपोर्टवर लिहून घ्या. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. आजचा रिपोर्ट अडीच महिन्यांपूर्वीची तब्येत सांगतो.

रिपोर्ट हातात आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मापाशी ताडून पाहा. किमान प्रमाण १.४ मिली, दर मिलीत १६ मिलियन शुक्राणू, पुढे जाणारी हालचाल ३० टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. एक मिलियन म्हणजे दहा लाख. “फक्त ४ टक्के नॉर्मल” असं वाचून घाबरणारे खूप भेटतात. ४ टक्के हे चांगलं आहे.

आता आययूआयच्या दृष्टीने खरा हिशेब करा. तो कोणीही करू शकतं:

प्रमाण × दर मिलीतली संख्या × पुढे जाणाऱ्यांची टक्केवारी.

एका नवऱ्याचा रिपोर्ट असा: २ मिली, ३० मिलियन, ४० टक्के. म्हणजे २ × ३० × ०.४ = २४ मिलियन हलणारे शुक्राणू. आययूआयला पुरेसे. दुसऱ्याचा असा: १.५ मिली, ८ मिलियन, २० टक्के. म्हणजे २.४ मिलियन. धुतल्यावर हे आणखी घटणार. साधारण १० मिलियनच्या वर असेल तर आययूआयला बरी संधी असते, ५ च्या खाली ती फार कमी होते. धुतल्यानंतरचा आकडा १ मिलियनच्याही खाली गेला तर आययूआयचा पैसा वाचवून इक्सीबद्दल बोलणं रास्त. इक्सीत एकेक शुक्राणू स्त्रीबीजात टोचतात.

पहिला रिपोर्ट खराब आला म्हणून निर्णय घेऊ नका. काही आठवड्यांनी, ताप येऊन गेला असेल तर तीन महिन्यांनी, दुसरा करा. दोन्ही रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य असतील, तर नवऱ्याच्या हार्मोनच्या तपासण्या आणि युरॉलॉजिस्ट हा पुढचा रस्ता. नवऱ्याच्या वीर्याने आययूआय तिथे होऊच शकत नाही.

थांबा: “ताकदीचं इंजेक्शन” म्हणून टेस्टोस्टेरॉन घेतलं असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. बाहेरून दिलेलं टेस्टोस्टेरॉन शुक्राणू बनणं थांबवतं, अगदी शून्यावरही नेतं. बहुतेकांचे बंद केल्यावर काही महिन्यांत परत येतात, पण आधी बंद करावं लागतं.

तीन महिने आधी: खर्रा, बिडी, दारू बंद. खर्ऱ्यातली तंबाखू शुक्राणूंच्या हालचालीला मारक आहे. फवारणी करत असाल तर हातमोजे, मास्क, अंगभर कपडे घाला, काम झालं की लगेच साबणाने आंघोळ करा, आणि जमलं तर तेवढे महिने फवारणीचं काम दुसऱ्याकडे द्या. भट्टीजवळ किंवा ट्रकच्या इंजिनजवळ तासन्तास बसणाऱ्यांनी उष्णतेपासून जेवढं सुटता येईल तेवढं सुटावं. अंडकोष शरीराबाहेर असतात ते थंड राहावेत म्हणूनच.

## टप्पा ३: बायकोच्या तपासण्या, पाळीचा दिवस धरून

रक्त आणि सोनोग्राफी कधीही करून चालत नाही. पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी एफएसएच आणि एलएच, म्हणजे बीज वाढवणाऱ्या हार्मोनची रक्त तपासणी, आणि त्याच दिवशी सुरुवातीची (बेसलाइन) सोनोग्राफी. थायरॉइडचं टीएसएच, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), हिमोग्लोबिन, साखर आणि एएमएच कोणत्याही दिवशी चालतात. एएमएच अंडाशयात साठा किती उरला आहे याचा अंदाज देतं. ते कमी आलं म्हणून मूल होणारच नाही असं मुळीच नाही. पण वेळ दवडू नये एवढं ते सांगतं.

थायरॉइड बिघडलं असेल किंवा हिमोग्लोबिन ८ असेल तर ते आधी सुधारा. हिमोग्लोबिन ८ वर गर्भ राहणं म्हणजे पुढच्या नऊ महिन्यांची जोखीम पत्करणं.

फॉलिक अॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम आजपासून सुरू करा. दिवस गेल्यावर सुरू करणं उशिराचं आहे.

थांबा: मूल होत नाही म्हणून पुन्हा पुन्हा “पिशवी साफ” करून घेऊ नका. कारण नसताना केलेल्या क्युरेटिंगने पिशवीचं आतलं अस्तर चिकटून बसू शकतं, आणि मग जिथे गर्भ रुजायचा तीच जागा बिघडते. तपासणीसाठी अस्तराचा नमुना लागत असेल तर तो का हवा आहे आणि कोणत्या लॅबला पाठवणार, हे विचारून घ्या.

## टप्पा ४: नळ्या उघड्या आहेत का

आययूआय शुक्राणूंना पिशवीत सोडतं. तिथून पुढे नळीत जाऊन बीजाला भेटणं हे त्यांचं काम. नळी बंद असेल तर भेट होत नाही. म्हणून एचएसजी, म्हणजे पिशवीत डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव) सोडून काढलेला एक्स-रे, आययूआयच्या आधी हवाच. काही ठिकाणी तेच काम सोनोग्राफीखाली करतात.

वेळ: रक्तस्राव थांबल्यावर, बीज सुटण्याच्या आधी. साधारण पाळीच्या ६ व्या ते ११ व्या दिवसात. त्या पाळीपासून तपासणी होईपर्यंत संबंध ठेवू नका. अर्धा-एक तास आधी डॉक्टरांनी सांगितलेली दुखण्याची गोळी घ्या. पोटात कळ येते, पण दहा-पंधरा मिनिटांत ओसरते. नंतर ताप किंवा वास येणारा स्राव आला तर लगेच दाखवा. घरी नेणारं कोणीतरी सोबत असू द्या.

फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही स्वतःकडे ठेवा. दोन्ही बाजूंनी डाय पोटात सांडलेली दिसली पाहिजे. एक नळी उघडी असेल तरी आययूआय होऊ शकतं. दोन्ही पिशवीजवळच बंद दिसत असतील तर कधी कधी ते केवळ आकुंचन असतं, आणि दुर्बिणीने पाहिल्यावर नळी मोकळी निघते. त्यामुळे एका फिल्मवर “नळ्या बंद” असा शिक्का मारून घेऊ नका.

भारतात नळ्या बंद होण्याचं एक मोठं कारण म्हणजे जननेंद्रियांचा टीबी. त्यात बहुतेकदा खोकला नसतो, ताप नसतो. कधी पाळी कमी होत जाते, कधी काहीच लक्षण नसतं. लहानपणी टीबी झालेला असेल, घरात कोणाला झालेला असेल, तर ते आवर्जून सांगा. टीबी निघाला तर औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि तो कोर्स पूर्ण होईपर्यंत आययूआय थांबवावं लागतं. सहा महिने किंवा जास्त उशीर झाला तरी चालेल, अर्धवट औषधावर घाई नको.

## टप्पा ५: विदर्भासाठी एक जास्तीची तपासणी

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेलचं, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, प्रमाण लक्षणीय आहे. यवतमाळ, अमरावतीतही आहे. वाहक, म्हणजे आजाराचा एकच जनुक असलेला माणूस, निरोगी दिसतो, त्यामुळे लग्नाआधी तपासलं गेलेलं नसतं. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के असते. आययूआयने ती कमी होत नाही. दोघांचं सिकलसेल आधी तपासा. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना या तपासणीबद्दल विचारा.

दोघे वाहक निघाले तरी मूल होऊ शकतं. मात्र गर्भ राहिल्यावर अकराव्या आठवड्याच्या पुढे बाळाची तपासणी कुठे होईल हे आधीच ठरवून ठेवायचं, म्हणजे ऐनवेळी नागपूरच्या वाऱ्या लागत नाहीत.

त्याच रक्तात दोघांचं एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गरमी (सिफिलिस) तपासून घ्या. लॅबला वीर्य धुण्याआधी हे लागतंच.

## टप्पा ६: आता ठरवा, आययूआय कोणासाठी

सगळे कागद समोर आल्यावर मी त्यांचं वजन असं करते.

बायकोला पीसीओएस आहे, म्हणजे बीज दर महिन्याला नीट तयार होऊन सुटत नाही, पाळी उशिरा येते, नवऱ्याचा रिपोर्ट चांगला, नळ्या उघड्या. इथे पहिला उपाय आययूआय नसून बीज तयार करणारी गोळी आणि सोनोग्राफी पाहून ठरवलेल्या दिवशी संबंध हा आहे. आजकाल पहिली पसंती लेट्रोझोलला असते, पाळीच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत. वजन जास्त असेल तर ५ टक्के कमी झालं तरी काहींची पाळी आपोआप ताळ्यावर येते. अशा पाच-सहा सायकल (एक सायकल म्हणजे एका पाळीपासून पुढच्या पाळीपर्यंतचा उपचार) नीट झाल्यावर मग आययूआयचा विचार. मात्र सोनोग्राफी न करता महिनोन्महिने गोळ्या घेत राहणं चुकीचं आहे. बीज फुटतंय की नाही हे कोणाला ठाऊकच नसतं. जुनी क्लोमिफीन गोळी काही बायकांमध्ये अस्तरही पातळ करते.

शुक्राणू थोडे कमी, पण हिशेबाने पुरेसे. किंवा सगळं नॉर्मल असूनही दोन वर्षं दिवस राहत नाहीत. किंवा संबंध होण्यातच अडचण. इथे आययूआय योग्य. कारण सापडत नसेल तेव्हा युरोपच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये २०२३ पासून गोळ्यांसोबत आययूआय हाच पहिला उपाय सांगितला आहे.

संबंध होण्याचीच अडचण असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर आणखी सोपा उपाय असतो: स्वच्छ डबीत घेतलेलं वीर्य, सुई नसलेल्या सिरिंजने घरीच योनीत सोडणं. डॉक्टरांनी एकदा शिकवलं की जमतं. ते योनीतच सोडायचं. न धुतलेलं वीर्य पिशवीत ढकललं तर जबर कळा येतात, संसर्ग होतो. हे स्वतः तर करूच नका, दुसऱ्या कोणालाही करू देऊ नका.

दोन्ही नळ्या बंद, शुक्राणू फारच कमी, किंवा बायकोचं वय ४० च्या वर. इथे आययूआयने वेळ जातो. डॉक्टरांना थेट टेस्ट ट्यूबबद्दल विचारा आणि त्याचा खर्च झेपेल का हे घरात बसून बोला.

आता यशाचा आकडा. चांगल्या निवडलेल्या जोडप्यातही एका आययूआयने दिवस राहण्याची शक्यता साधारण १० ते १५ टक्के असते. म्हणजे पहिल्या वेळी बहुतेकांचं राहत नाही, आणि ते अपयश नसतं. म्हणूनच सुरू करण्याआधीच आकडा ठरवा: ३५ च्या आतल्या बायकोसाठी ३ ते ४, फार तर ६ वेळा, ३५ ते ३८ मध्ये २ ते ३. हा आकडा फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. सातव्यांदा “एकदा अजून बघू” म्हणायची वेळ आली की तो कागद काढा.

## टप्पा ७: केंद्र निवडताना विचारायचे प्रश्न

सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा २०२१ मध्ये आला. त्यानुसार आययूआय करणाऱ्या केंद्राचीही नोंदणी लागते. फक्त आययूआय करणारं केंद्र लेव्हल वन, टेस्ट ट्यूब करणारं लेव्हल टू. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर विचारा. विचारल्याने कोणी चिडलं तर तिथून उठा.

- वीर्य इथेच धुतात की बाहेर पाठवतात? धुतल्यानंतर किती मिलियन मिळाले हे लिहून देणार का?
- एका सायकलचा पूर्ण खर्च लिहून द्या: सोनोग्राफी, गोळ्या, इंजेक्शन, धुणं, प्रक्रिया, सगळं मिळून. “आययूआय एवढ्यात” या बोर्डावर जाऊ नका.
- रविवारी किंवा सणाच्या दिवशी आययूआय करावं लागलं तर करता का? बीज रविवार पाळत नाही.

दात्याचं वीर्य वापरायचं असेल तर ते नोंदणीकृत बँकेतूनच, आणि दोघांच्या लेखी संमतीनेच. “थोडं मिसळू का, घरच्यांना कळणार नाही” असं कोणी सुचवलं तर तो गुन्हा आहे आणि फसवणूकही. मुलगाच होईल असं आश्वासन देणारा माणूस त्याहून मोठा गुन्हा करतोय.

सरकारी किंवा मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात आधी चौकशी करा. नागपूरचं मेडिकल, मेयो आणि एम्स, यवतमाळचं मेडिकल, वर्ध्याजवळचं सेवाग्राम आणि सावंगी इथल्या स्त्रीरोग विभागांत निदान तपासण्या तरी कमी खर्चात होऊ शकतात. टप्पा २ ते ५ चे कागद तिथे करून घेतले आणि आययूआय मात्र घराजवळच्या केंद्रात केलं, तरी चालतं.

## टप्पा ८: सायकल, आणि बसचं वेळापत्रक

एका आययूआयला चार-पाच खेपा लागतात. साधारण अशा:

१. पाळीच्या २-३ ऱ्या दिवशी सोनोग्राफी. अंडाशयात मोठी गाठ नाही ना हे पाहून गोळ्या सुरू.
२. ९-१० व्या दिवशी फॉलिकलची, म्हणजे अंडाशयात बीज वाढतं त्या फुग्याची, पहिली मोजणी.
३. त्यानंतर दर दोन दिवसांनी, फॉलिकल १८ ते २० मिलिमीटरचं होईपर्यंत.
४. मग बीज सुटावं म्हणून एचसीजीचं इंजेक्शन, आणि त्यानंतर साधारण ३६ तासांनी आययूआय.

सोमवारी रात्री १० ला इंजेक्शन घेतलं तर बुधवारी सकाळी १० ला आययूआय. ही वेळ घड्याळ लावून पाळायची असते. गावातल्या सिस्टरकडून इंजेक्शन घेता येईल का हे आधी विचारून ठेवा, म्हणजे रात्री शहरात मुक्काम नको. काही इंजेक्शनं थंडच ठेवावी लागतात. मे महिन्यात पिशवीत टाकून दोन तास एसटीत आणलेलं इंजेक्शन बिघडलेलं असू शकतं. बर्फाचा पॅक ठेवलेल्या थर्मासमध्ये, कापडात गुंडाळून, बर्फाला थेट न टेकवता आणा.

मधल्या मोजण्या तालुक्याच्या नोंदणीकृत सोनोग्राफी केंद्रात करून रिपोर्टचा फोटो पाठवता येतो का, हेही विचारा. दोन खेपा तरी वाचतात. महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण मजुरी बुडते ती कोणी भरून देत नाही.

नवऱ्याची तारीख सर्वांत आधी सांभाळा. सोयाबीनच्या कापणीत किंवा पेरणीच्या आठवड्यात सायकल सुरू केली, आणि ऐन बुधवारी पाऊस उघडला, तर तो येऊ शकत नाही. बाहेरगावी काम करणाऱ्याने, किंवा दवाखान्यात नमुना देताच येत नाही अशाने, नमुना आधी गोठवून ठेवता येईल का हे विचारावं. ऐनवेळी नमुना न देता आल्याने रद्द झालेल्या सायकली मी पाहिल्या आहेत. त्यात नवऱ्याला रागावण्यात काही हशील नसतं.

थांबा: तीन किंवा जास्त मोठी फॉलिकल दिसत असतील तर त्या महिन्यात आययूआय करू नये, संबंधही टाळावेत. जुळं-तिळं झाल्यास वेळेआधी बाळंतपणाचा धोका मोठा असतो, आणि गावापासून नवजात आयसीयू किती दूर आहे हे तुम्हाला माहीतच आहे.

## टप्पा ९: आययूआयचा दिवस

नवऱ्याने २ ते ५ दिवसांचं अंतर ठेवून यावं. धुण्याला तास-दीड तास लागतो. बायकोने नाश्ता करून यावं, उपाशी राहायची गरज नाही.

तपासून घ्या: नमुन्याच्या डबीवर आणि धुतलेल्या नळीवर दोघांचीही नावं आहेत का. खोलीत नेण्याआधी सिस्टरला दाखवायला सांगा. संकोच नको. धुतल्यानंतरचा आकडा फाइलवर लिहून घ्या.

प्रक्रियेला पाच-दहा मिनिटं लागतात. तांबी बसवताना जसं उपकरण लावतात तसंच, आणि मऊ नळीने अर्धा मिलीच्या आसपास द्रव आत सोडतात. थोडी कळ येते. नंतर दहा-पंधरा मिनिटं पडून राहा आणि मग घरी जा. बसमध्ये हादरे बसले, जिना चढले, उठल्यावर थोडं पाणी बाहेर आलं, म्हणून “पडलं” असं होत नाही. शुक्राणू पिशवीत पोचलेले असतात. हे सासूबाईंनाही सांगा, कारण पुढचे पंधरा दिवस त्याच बोलत असतात.

## टप्पा १०: पुढचे दोन आठवडे

नेहमीचं काम करा. फार जड ओझं आणि कडक उपास नको. डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकायला मदत करणारं हार्मोन) दिलं असेल तर ते मध्येच बंद करू नका.

लघवीची टेस्ट १४ दिवसांच्या आत करू नका. एचसीजीच्या इंजेक्शनचा अंश अंगात असतो, त्यामुळे दहाव्या दिवशी दोन रेघा दिसतात, घरभर पेढे वाटले जातात आणि चार दिवसांनी पाळी येते. हे दुःख टाळता येण्यासारखं आहे.

दवाखान्यात लगेच जायची लक्षणं: पोट फुगून धाप लागणं, सतत उलट्या, लघवी फार कमी होणं, ताप आणि वास येणारा स्राव, टेस्ट पॉझिटिव्ह असताना एका बाजूला जोरात दुखणं किंवा चक्कर येऊन पडणं. हे शेवटचं नळीतला गर्भ असू शकतो, त्यात सकाळपर्यंत थांबायचं नाही. १०८ ला फोन करा.

टेस्ट पॉझिटिव्ह असेल तर ६ ते ७ आठवड्यांत सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे हे पाहून घ्या.

## टप्पा ११: पाळी आली तर

त्याच आठवड्यात पुढचं आययूआय ठरवायची घाई करू नका. आधी फाइल उघडा आणि चार गोष्टी पाहा. फॉलिकल खरंच फुटलं होतं का? अस्तराची जाडी किती होती? धुतल्यानंतर किती मिलियन मिळाले? वेळ ३६ तासांच्या जवळपास होती का? यातलं एखादं चुकलं असेल तर पुढच्या सायकलमध्ये तेच बदलायचं आहे. सगळं बरोबर असूनही राहिलं नाही, तर १० ते १५ टक्क्यांचा तो आकडा आठवा आणि ठरवलेल्या संख्येपर्यंत तशीच सायकल पुन्हा करा.

प्रत्येक वेळी रिपोर्टची झेरॉक्स घरच्या फाइलीत लावा. केंद्र बदलायचं झालं तर नव्या डॉक्टरांकडे हीच फाइल न्या. नाहीतर तीच एचएसजी, त्याच रक्ताच्या तपासण्या पुन्हा करायला लावतील, आणि तो महिना परत पहिल्या टप्प्यात जाईल.